ऐपत आणि पत

पैशाच्या व्यवहारात मराठी माणूस दोन शब्द वेगळे ठेवतो: ऐपत आणि पत. ऐपत पासबुकात दिसते, सातबाऱ्यावर दिसते, पगाराच्या स्लिपवर दिसते. पत असते दुसऱ्यांच्या मनात. हा माणूस शब्दाला जागेल का, नेलेलं परत आणून देईल का, अडचण आली की तोंड लपवेल की समोर येऊन उभा राहील, याचा लोकांनी मनाशी बांधलेला हिशेब म्हणजे पत. वाण्याच्या उधारीच्या वहीत ज्याचं नाव चढतं, त्याची ऐपत कुणी विचारत नाही.

फ्रँक कॅप्राचे चित्रपट डावे की उजवे, हा वाद अमेरिकेत फार जुना आहे. १९३० च्या मंदीत गरिबांच्या बाजूने बोलणारा, श्रीमंतांना खलनायक करणारा दिग्दर्शक म्हणून तो गाजला. आणि मतपेटीपाशी तो आयुष्यभर रिपब्लिकन राहिला, तेव्हाचा अध्यक्ष रूझवेल्टचा कट्टर विरोधक. मग ढोंगी कोण, माणूस की चित्रपट? मला वाटतं, कुणीच नाही. ऐपतीवर चालणाऱ्या जगात पत या गोष्टीला किंमत मिळावी, हे त्याचं सगळं राजकारण. ते डाव्यांच्या मापात बसत नाही, उजव्यांच्याही नाही. त्यात जे मोलाचं आहे तेही इथूनच येतं आणि जे लंगडं आहे तेही.

त्याचा जन्म १८९७ चा, सिसिलीतल्या बिसाकिनो गावचा. १९०३ मध्ये घरच्यांबरोबर तो बोटीच्या सर्वांत खालच्या वर्गातून अमेरिकेला आला. लॉस एंजेलिसमध्ये वर्तमानपत्रं विकत शाळा केली, पुढे कॅलटेक म्हणून नावारूपाला आलेल्या कॉलेजातून १९१८ मध्ये केमिकल इंजिनिअर झाला. स्वतःच्या हिमतीवर वर आलेल्या माणसाला सरकारी मदतीचा तिटकारा असावा, हे आपल्याकडेही पाहतो. पण हाच माणूस दिग्दर्शकांच्या युनियनचा अध्यक्ष होता आणि १९३९ मध्ये स्टुडिओंनी तिला मान्यता द्यावी म्हणून त्याने ऑस्कर समारंभावर बहिष्काराची धमकी दिली होती. तेव्हा तो ऑस्कर देणाऱ्या अकादमीचाही अध्यक्ष होता.

पत हा विषय पहिल्यांदा उघडपणे येतो तो १९३२ च्या ‘अमेरिकन मॅडनेस’मध्ये. पटकथा रॉबर्ट रिस्किनची. डिक्सन नावाचा बँकर माणूस पाहून कर्ज देतो. संचालक मंडळाला तारण हवं असतं, त्याला माणसाचं चारित्र्य पुरतं. या पात्रामागे अमादेओ जियानिनी हा खराखुरा बँकर होता. त्याने १९०४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत इटालियन स्थलांतरितांसाठी बँक काढली. १९०६ च्या भूकंपानंतर पिंपांवर फळी टाकून, त्या फळीलाच काउंटर करून त्याने कर्जं वाटली, ही गोष्ट तिथे अजून सांगतात. हीच बँक पुढे बँक ऑफ अमेरिका झाली.

चित्रपटात बँकेवर दरोडा पडतो आणि अफवा सुटते. टेलिफोनवरून, न्हाव्याच्या खुर्चीवरून, रस्त्यावरून ती पसरत जाते आणि प्रत्येक तोंडी चोरीचा आकडा फुगतो. मग बँकेच्या दारात लोंढा. इथे बँकेचं साधं गणित लक्षात घ्यायला हवं. ठेवी मागता क्षणी द्यायच्या असतात. तोच पैसा घरांत, दुकानांत, कारखान्यांत वर्षानुवर्षांसाठी कर्जाऊ गेलेला असतो. बँक कितीही भक्कम असली तरी सगळे ठेवीदार एकाच सकाळी आले तर ती संध्याकाळपर्यंत टिकत नाही. म्हणजे बँक बुडेल या भीतीनेच ती बुडते. कॅप्राने हे व्याख्यान देऊन सांगितलं नाही, गतीने दाखवलं. दारातून आत येणं, खोली ओलांडणं असले लांबलचक प्रवेश त्याने छाटले. दृश्य दृश्यात विरघळवण्याची तेव्हाची पद्धत सोडली, संवाद एकमेकांवर चढू दिले. साध्या गतीने साठ सेकंदांत होणारा प्रसंग तो नटांकडून चाळिसात करून घ्यायचा. घबराट कशी वाढते ते पाहणाऱ्याला छातीत कळतं.

डिक्सनला वाचवतात ते त्याचे छोटे कर्जदार. एकेक जण पैसे घेऊन येतो आणि रांगेत उभ्या असलेल्यांच्या देखत जमा करतो. गर्दीने बुडवलं, गर्दीनेच तारलं. पुढची चौदा वर्षं कॅप्रा हेच दृश्य वेगवेगळ्या कपड्यांत रंगवत राहिला.

प्रत्यक्षात मात्र बँकांच्या दारातले लोंढे थांबले ते वेगळ्याच उपायाने. १ जानेवारी १९३४ पासून अमेरिकन सरकारने प्रत्येक ठेवीदाराच्या अडीच हजार डॉलरपर्यंतच्या ठेवीला विम्याची हमी दिली, त्याच वर्षी ती मर्यादा पाच हजारांवर नेली. हमी आहे म्हटल्यावर रांगेत धावण्याचं कारणच उरलं नाही. हा कायदा भावनेवर चालत नाही. शेजारी चांगला असो की वाईट, तो लागू होतो. कॅप्राच्या जगात असा कायदा कधीच नायक होत नाही.

१९३६ च्या ‘मि. डीड्स गोज टू टाउन’मध्ये व्हरमाँटमधल्या एका गावातल्या साध्या माणसाला दोन कोटी डॉलरचा वारसा मिळतो. एक कंगाल शेतकरी पिस्तूल घेऊन त्याच्या बंगल्यात शिरतो, मारता मारता रडू लागतो, आणि डीड्सला पैशाचं काय करायचं ते उमगतं. त्याची योजना नीट ऐकावी. प्रत्येक कुटुंबाला दहा एकर जमीन, एक घोडा, एक गाय, थोडं बियाणं. तीन वर्षं कसली तर जमीन त्याची. जमिनीचं वाटप म्हटलं की लाल झेंडा डोळ्यांसमोर येतो, पण इथे अट आहे ती कसण्याची. फुकट काही नाही आणि मधे सरकार नाही. नातेवाईक त्याला वेडा ठरवायला कोर्टात खेचतात, तेव्हा तो होडीचा दाखला देतो: एक जण वल्हवून कंटाळलाय म्हणून फुकट बसायला मागतो, दुसरा बुडतोय, मोठ्या बोटीतल्या माणसाने आधी कुणाला घ्यायचं? या वाक्यावर रूझवेल्टचे समर्थकही टाळ्या वाजवू शकतात आणि विरोधकही. हे कॅप्राचं कसब होतं की चलाखी, असं विचारलं जातं. मी कसब म्हणेन, कारण त्या दाखल्यावर त्याचा स्वतःचा विश्वास होता.

‘मि. स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’ १९३९ चा. सेनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, नव्याने आलेला स्मिथ कुठल्या राज्याचा, कुठल्या पक्षाचा, हे चित्रपटभर सांगितलेलं नाही. वाद टाळण्यासाठी ते केलं असेल, पण त्यामुळे एक गोष्ट स्वच्छ होते: रोग पक्षाचा नाही, टेलर नावाच्या धनदांडग्याच्या खिशात गेलेल्या माणसांचा आहे. विलेट क्रीकवर धरण होणार म्हणून टेलरने तिथली जमीन दुसऱ्यांच्या नावावर आधीच घेऊन ठेवलीय. भोळा स्मिथ नेमक्या त्याच जागेवर मुलांच्या शिबिराचं विधेयक मांडतो. ज्या मराठी वाचकाने एखादा प्रकल्प जाहीर होण्याआधीचे जमिनीचे व्यवहार ऐकले आहेत त्याला ही भानगड वेगळी समजावून द्यायला नको.

सेनेटचं सभागृह कोलंबिया स्टुडिओत हुबेहूब उभं केलं होतं. सेनेटच्या पत्रकार कक्षाचे निवृत्त अधिकारी जिम प्रेस्टन सल्लागार होते. कोण कुठे बसतो, कधी उठतो, हे त्यांच्या सांगण्यावरून ठरे. नियमही काटेकोर: टेलरच्या माणसांनी आळ घेतलेल्या स्मिथला हकालपट्टी टाळण्यासाठी बोलत राहायचं आहे, बसायचं नाही, आणि प्रश्नाखेरीज कशासाठीही दुसऱ्याला बोलू द्यायचं नाही. तासन्‌तास बोलून घसा बसलेला दाखवायचा होता, तो स्मिथ झालेल्या जेम्स स्टुअर्टला नुसत्या अभिनयाने साधेना. तेव्हा डॉक्टर बोलावून त्याच्या घशाला पाऱ्याच्या क्षाराचं द्रावण लावलं. स्वरयंत्र सुजलं आणि आवाज खरोखर फाटला.

त्या भाषणाने काय होतं ते मात्र नीट पाहावं. बाहेर टेलरची वर्तमानपत्रं स्मिथला चोर ठरवतात. मुलांनी हाताने छापलेली पत्रकं त्याचे गुंड हिसकावतात. शेवटी सेनेटमध्ये टोपल्या भरभरून तारा येतात, त्या स्मिथच्या विरोधात, त्याच्याच राज्यातल्या माणसांच्या. पैसा ओतून माणसाची पत उतरवता येते, हे कॅप्राने इथे इतकं उघड दाखवलं आहे की सुटकेसाठी त्याला चमत्कार लागतो: भ्रष्ट सेनेटर पेनला अचानक सद्सद्विवेकाची टोचणी लागते आणि तो ओरडून कबुली देतो. संस्था सुधारत नाही. एक माणूस सुधारतो.

१७ ऑक्टोबर १९३९ रोजी वॉशिंग्टनमध्ये पहिला खेळ झाला आणि सेनेटर भयंकर चिडले. लंडनमधले अमेरिकी राजदूत जोसेफ केनेडी यांनी स्टुडिओला कळवलं की युरोपात हा दाखवू नका, युद्धाच्या काळात देशाची बदनामी होईल. दुसरं सत्य मात्र त्या गदारोळात बाजूलाच राहिलं. लांबण लावून विधेयक मारण्याचं हेच हत्यार १९३८ च्या सुरुवातीला खऱ्या सेनेटमध्ये वापरलं गेलं होतं, आणि ते कृष्णवर्णीयांना झुंडीने ठार मारण्याविरुद्धचा कायदा अडवण्यासाठी. स्मिथ ज्या खुर्चीपाशी उभा राहून गरिबांसाठी बोलतो, तिथेच पावणेदोन वर्षांपूर्वी त्याच नियमाच्या आधाराने उलटं काम झालं होतं.

गर्दीचं भय कॅप्राला सर्वांत जास्त छळतं ते १९४१ च्या ‘मीट जॉन डो’मध्ये. नोकरी गेलेली वार्ताहर खोटं पत्र छापते: जगाच्या अन्यायाला कंटाळलेला एक माणूस नाताळच्या आदल्या रात्री सिटी हॉलवरून उडी मारणार. पत्र गाजतं, मग तो माणूस शोधून उभा केला जातो, त्याच्या नावाने गावोगाव शेजाऱ्यांचे क्लब निघतात. क्लबाचा नियम, राजकारण्यांना प्रवेश नाही. आणि या सगळ्याला पैसा पुरवणारा वृत्तपत्राचा मालक नॉर्टन, खासगी शिपाई बाळगणारा, त्याच क्लबांच्या खांद्यावरून सत्तेवर चढू पाहतो. अधिवेशनाच्या रात्री पाऊस पडतोय, मैदानभर छत्र्या. नॉर्टनची माणसं वर्तमानपत्रं वाटतात, ध्वनिक्षेपकाच्या तारा कापतात, आणि घटकाभरापूर्वी प्रार्थनेत उभी असलेली माणसं हातात येईल ते नायकावर फेकू लागतात. ते दृश्य पाहताना छत्र्यांखालचे चेहरे दिसत नाहीत, हे मला फार बोलकं वाटतं. कॅप्राची माणसं एकेकटी दिसतात तोवर चांगली असतात.

शेवट त्याला सापडेना. एकाहून अधिक शेवट चित्रित झाले, प्रदर्शनानंतरही बदलला. नायकाने उडी मारली तर आशा मेली, नाही मारली तर कथा खोटी. १९८९ मध्ये हीच कथा हिंदीत ‘मैं आज़ाद हूँ’ म्हणून आली. अमिताभ बच्चनचा आज़ाद खरंच उडी मारतो. कॅप्राला जे धाडस झालं नाही ते मुंबईने केलं.

अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर कॅप्रा लष्करात मेजर झाला आणि लष्करप्रमुख जनरल मार्शलच्या आदेशावरून ‘व्हाय वी फाइट’ या सात माहितीपटांच्या कामाला लागला. नाझींचा प्रचारपट पाहून तो हादरला होता. त्याने युक्ती केली ती साधी: शत्रूचीच फिल्म कापून वापरायची, शिस्तीत उभ्या असलेल्या लाखोंचे तेच शॉट्स, फक्त सोबतचं निवेदन आपलं.

आणि मग १९४६ चा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’. बेली कुटुंबाची संस्था आपल्या पतपेढीच्या जवळची. सभासद भाग घेतात, दरमहा पैसे भरतात, जमा रकमेतून एकेकाला घर बांधायला कर्ज मिळतं. जॉर्ज बेलीच्या बापाच्या मृत्यूनंतरच्या संचालक मंडळाच्या बैठकीत गावचा सावकार पॉटर एक फाइल उघडतो. एर्नी बिशप हा टॅक्सी ड्रायव्हर. बँकेने त्याला नकार दिला आणि बेलींनी मात्र पाच हजार डॉलरच्या घराला कर्ज दिलं, का? जॉर्ज म्हणतो, ते प्रकरण मी पाहिलं, कागद तुमच्यासमोर आहेत, त्याचा पगार, विमा. आणि त्याच्या चारित्र्याची खात्री मी स्वतः देतो. पॉटर विचारतो, तुझा मित्र का? जॉर्ज हो म्हणतो. पॉटरला हवं ते मिळालं. त्याचं म्हणणं, अशाने काटकसरी कामगार न घडता आळशी, असंतुष्ट जमाव तयार होतो. जॉर्जचं उत्तर सरळ आहे: पाच हजार साठवायला कष्टकऱ्याला किती वर्षं लागतात ठाऊक आहे का? तोवर त्याने मुलाबाळांना खोपटात ठेवायचं?

या एका पानात ऐपत आणि पत समोरासमोर बसलेली आहेत.

लग्नाच्या दिवशी जॉर्ज आणि मेरी मधुचंद्राचे दोन हजार घेऊन स्टेशनकडे निघतात आणि वाटेत संस्थेच्या बंद दाराशी गर्दी दिसते. बँकेने कर्ज परत मागितलं, काका बिलीने होती ती रोकड देऊन टाकली. एक जण २४२ डॉलर मागतो. नियमाप्रमाणे अर्ज द्यायचा आणि साठ दिवस थांबायचं, पण भूक साठ दिवस थांबत नाही. जॉर्ज समजावतो, तुमचा पैसा तिजोरीत नाही, शेजाऱ्याच्या घराच्या भिंतींत आहे. तेवढ्यात बातमी येते, पॉटर डॉलरमागे पन्नास सेंट देऊन सगळे भाग विकत घेतोय. लोक वळतात. जॉर्ज ओरडतो, तो घाबरलेला नाही, तो खरेदी करतोय! मेरी नोटांची चळत वर धरते. पहिला पूर्ण २४२ घेतो. त्याच्यानंतरची माणसं बदलतात. वीस पुरतील, म्हणतात. मिसेस डेव्हिस साडेसतराच मागते आणि जॉर्ज काउंटरवरून वाकून तिचं चुंबन घेतो. साडेसतराचा आकडा पटकथेत नव्हता, नटी एलन कॉर्बीने ऐन वेळी काढला आणि जॉर्ज झालेल्या जेम्स स्टुअर्टची प्रतिक्रियाही तिथल्या तिथली. सहा वाजता दार बंद होतं तेव्हा दोन डॉलर उरलेले असतात.

साडेसतरा हा आकडाच सगळं सांगतो. वीस गोल आहेत; साडेसतरा म्हणणारी बाई घरी बसून हिशेब करून आलीय की आपल्याला नेमकं किती लागेल, बाकीचं दुसऱ्यांना राहू दे. पत मानून चालणारं राज्य कसं असेल ते पाहायचं तर या आकड्यात पाहावं.

मार्टिनी कुटुंब भाड्याच्या घरातून बेलींच्या कर्जावर उभ्या राहिलेल्या बेली पार्क वसाहतीतल्या स्वतःच्या घरी जातं, तेव्हा उंबऱ्यावर मेरी आणि जॉर्ज त्यांना पाव, मीठ आणि वाइन देतात. पॉटर याच लोकांना लसूण खाणारे म्हणून हिणवतो. बिसाकिनोतून आलेल्या माणसाने ही शिवी पटकथेत कुठून आणली हे वेगळं शोधायला नको.

चित्रपटाने खर्च वसूल केला नाही. एफबीआय या अमेरिकेच्या तपास संस्थेच्या १९४७ च्या एका टिपणात, बँकरला दुष्ट दाखवणं ही कम्युनिस्टांची नेहमीची चाल असल्याची तक्रार नोंदली गेली. लेखकांकडे पाहिलं तर संशयाला जागाही होती: ‘स्मिथ’ लिहिणारा सिडनी बकमन कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता, ‘वंडरफुल लाइफ’च्या आधीच्या एका मसुद्यावर डाल्टन ट्रम्बोने काम केलं होतं. रिस्किन न्यू डीलचा, म्हणजे रूझवेल्टच्या मंदीतल्या सरकारी योजनांचा, माणूस. रिपब्लिकन दिग्दर्शकाने डाव्यांच्या शब्दांतून स्वतःचं म्हणणं मांडलं, आणि दोघांचं ज्यावर एकमत होतं तेच पडद्यावर राहिलं: मोठ्या पैशावर विश्वास ठेवू नये. १९५१ च्या अखेरीस लष्करी संशोधनाच्या एका प्रकल्पासाठी कॅप्राच्या निष्ठेवर प्रश्नचिन्ह लागलं. युद्धात मार्शलकडून पदक घेतलेला माणूस आपण देशभक्त असल्याचे पुरावे गोळा करत बसला. आणि लगेच जानेवारी १९५२ मध्ये त्याच सरकारने त्याला मुंबईला पाठवलं, भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून. आयुष्यभर तो माणसांची पत मोजत आला. त्याची स्वतःची पत एका फाइलीत उतरली आणि दुसऱ्या फाइलीत चढली.

आता त्या लंगड्या बाजूबद्दल. ‘तुझा मित्र का?’ हा पॉटरचा प्रश्न कुजका असला तरी चुकीचा नाही. पत ओळखीतून येते. एर्नीची खात्री जॉर्ज देऊ शकतो कारण तो त्याचा मित्र आहे. ज्याला बेडफर्ड फॉल्समध्ये, जॉर्जच्या गावात, कुणी ओळखत नाही, ज्याच्याशी कुणी ओळख करून घ्यायलाच तयार नाही, त्याचं काय? त्याच काळात सरकारच्या गृहकर्ज हमीचे नियम कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना धोक्याच्या ठरवत होते. तिथे कष्टाळूपणाला, शब्दाला जागण्याला किंमत नव्हती. कायदाही वाईट असू शकतो, खरं. पण वाईट कायद्याविरुद्ध कोर्टात जाता येतं, शेजाऱ्याच्या नजरेविरुद्ध जाता येत नाही. कॅप्राला हे दिसलं नाही, किंवा दिसूनही त्याने कॅमेरा तिकडे वळवला नाही.

शेवटच्या प्रसंगात तरी पाहा. संस्थेचे हरवलेले आठ हजार भरून काढायला सगळं गाव बेलींच्या घरात लोटतं. टोपलीतून नोटा टेबलावर ओतल्या जातात. सरकारी हिशेब तपासनीस स्वतःचे पैसे टाकतो, शेरीफ अटकेचं वॉरंट फाडतो. याच गडबडीत कारखानदार सॅम वेनराइटची तार वाचली जाते: पंचवीस हजारांपर्यंत लागतील तेवढे द्यायला ऑफिसला सांगितलं आहे. गावाने जमवलेल्या चिल्लरीसमोर एका श्रीमंत मित्राचा हा आकडा, तिपटीहून जास्त. कॅप्रा तो लपवत नाही, पण त्यावर थांबतही नाही. त्याच गर्दीतून ॲनी, बेलींच्या घरी राबणारी कृष्णवर्णीय बाई, पुढे येते. नवरा मिळाला तर घटस्फोटासाठी म्हणून साठवलेत, म्हणते आणि आपले पैसे टाकते. सगळे हसतात. चित्रपटभर ती दिसते ती बेलींच्या घरात. बेली पार्कमध्ये तिचं घर असल्याचं कधी दिसत नाही. तिच्या पैशांवर नोटा पडत राहतात, ते त्या ढिगात कुठे गेले ते दिसेनासं होतं, आणि लोक गायला लागतात.